बारा आणे नायट्रोजन

इतर माणसांच्या शर्टाच्या खिशाला पेन असतं, आमच्या घरमालकांच्या खिशाला टायरची हवा मोजायचं गेज असायचं. पेन्सिलीएवढं, पितळी, चाकाच्या व्हॉल्व्हवर दाबलं की मागून आकड्यांची पांढरी पट्टी बाहेर येणारं. सांगलीत मी पाच वर्षं त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहिले. त्या पाच वर्षांत मी त्यांना गेजशिवाय एकदाच पाहिलं, हर्नियाच्या ऑपरेशनला नेत होते तेव्हा. त्या वेळी ते काकूंच्या पर्समध्ये होतं.

नव्वदीची मधली वर्षं. कॉलेजात फिजिक्स शिकवायची नोकरी मिळाली म्हणून मी साताऱ्याहून सांगलीला आले होते. खोली बघायला गेले तेव्हा काका अंगणात जुन्या फियाटच्या चाकापाशी उकिडवे बसले होते. नाव, गाव, लग्न झालंय का, असलं काही त्यांनी विचारलं नाही.

"शिकवता काय?"

"फिजिक्स."

"मंग सांगा, हवेत काय काय असतं?"

मी वर्गात सांगावं तसं सांगितलं. अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन, एकवीस टक्के ऑक्सिजन, बाकीचं किरकोळ.

"म्हंजे रुपयातले बारा आणे नायट्रोजनच की."

"साडेबारा," मी म्हटलं.

त्यांनी मान वर करून माझ्याकडं नीट पाहिलं आणि घराच्या दिशेनं हाक मारली, "अगं, किल्ली आण वरची. खोली दिली."

काका मूळचे जत तालुक्यातले, कर्नाटकच्या हद्दीजवळच्या एका गावचे. फार खूश झाले की तोंडून "हौदु, हौदु" असं कानडी निघायचं, म्हणजे 'होय, होय'. हवाई दलात वीस वर्षं विमानांची चाकं आणि ब्रेक सांभाळून ते सार्जंट म्हणून बाहेर पडले आणि कुपवाडच्या एका कारखान्यात कॉम्प्रेसरवर लागले. आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो. भाजीवालीपासून पोस्टमनपर्यंत सगळे त्यांना मेजर म्हणायचे. "मेजर आर्मीत असतो, मी सार्जंट," असं ते प्रत्येकाला सांगायचे, आणि समोरचा म्हणायचा, "बरं मेजर."

त्यांच्या दिवाणखान्यात शोकेसमध्ये बुद्धाची मूर्ती होती आणि तिच्या खालच्या कप्प्यात गढूळ पाण्याची एक बाटली. पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला वाटायचं, कुठल्या तरी तीर्थाचं पाणी असावं. काका ती बाटली काढून हातात द्यायचे. "वास घ्या." पाहुणा वास घ्यायचा आणि तोंड वाकडं करायचा. "कॉम्प्रेसरच्या टाकीतनं काढलंय. टाकीतलं पाणी रोज सोडलं न्हाई तर हे सगळं तुमच्या टायरात जातं. हवा भरताय असं तुमाला वाटतंय, तुमी पाणी भरताय." मग नायट्रोजनवर व्याख्यान. विमानाच्या चाकात नायट्रोजन का भरतात? कारण तो कोरडा असतो. वर आभाळात बर्फाहून थंड असतं, टायरात पाण्याचा अंश असला तर तो गोठतो. उतरताना ब्रेक लालबुंद होतात, तिथं ऑक्सिजन कशाला हवा, आगीला खाद्य द्यायला? पाहुणा मोटारवाला असला तर हमखास विचारायचा, "मग आमच्या गाडीत पण नायट्रोजनच भरावा का?"

"गाडी उडवताय का?"

"नाही."

"मंग साधी हवा भरा. बारा आणे नायट्रोजन त्यात फुकट हाय. पण दर पंधरा दिवसानं गेज लावा. टायरला तोंड न्हाई, मागून घ्यायला."

दर पंधरा दिवसांनी ते माझ्या लुनालाही गेज लावायचे, मला न विचारता. सकाळी, गाडी गार असताना. तापलेल्या टायरची हवा मोजणं म्हणजे पळून आलेल्या माणसाची नाडी बघणं, असं त्यांचं म्हणणं. कधी मी घाईत असायची. "काका, उशीर होतोय, डोळ्यांनी दिसतंय ना हवा आहे ते." डोळ्यांनी हवा सांगणारा आणि कपाळ बघून नशीब सांगणारा त्यांच्या लेखी एकाच दुकानातले. त्यांचं मोजून होईपर्यंत मी उभी राहायची.

लग्नकार्याला त्यांना घेऊन जाणं ही काकूंची परीक्षा होती. पलूसला एका लग्नात अक्षता पडल्यावर काका दिसेनात. बाहेर मांडवामागं जीपा, ट्रॅक्स, मोटारी लागल्या होत्या. काका एकेक गाडी तपासत चालले होते आणि वायपरखाली चिठ्ठी ठेवत होते. 'डावे मागचे चाक सहा पौंड कमी. हितचिंतक.' जेवणं झाल्यावर एका ट्रॅक्सवाल्यानं चिठ्ठी वाचली आणि आरडाओरडा सुरू केला, की कुणीतरी मुद्दाम हवा सोडली आणि वर चिठ्ठी लिहून चेष्टा करतोय. प्रकरण गचांडी धरण्यापर्यंत आलं. काका पुढं होऊन शांतपणे म्हणाले, "मी लिहिली. हवा तुमचीच गेलीय, दोन म्हैन्यापास्नं. आवं, भांडायपेक्षा भरून घ्या." काकू दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न ठरलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. साताऱ्याहून पाहुणे जीप करून आले होते. मुलीनं चहापोह्यांचा ट्रे आणला, सगळे खुर्च्यांत अवघडून बसले होते आणि काका बाहेर जीपपाशी. मुलगा उठून बाहेर गेला. मी वरच्या गॅलरीत होते.

"पुढं किती भरता?" काकांनी मागं न बघता विचारलं.

"माणसं किती बसणार त्यावर हाय," मुलगा म्हणाला. "आज आठ जण होतो. मागं चार पौंड जादा मारली, सकाळी, निघायच्या आधी."

काकांनी मागच्या चाकाला गेज लावलं. पट्टी बघितली. "हौदु," ते म्हणाले, आणि आत जाऊन त्यांनी पोह्यांची बशी उचलली. त्यांच्या बाजूनं लग्न ठरलं होतं.

जावई हुशार होता. पुण्यात एका टायरच्या दुकानात काम शिकून आला होता. साताऱ्याबाहेर हायवेला त्यानं स्वतःचं दुकान टाकलं. पंक्चर, चाकांचं बॅलन्सिंग, नवे-जुने टायर. सासरे-जावयाचं जमायचंही छान. दिवाळीला तो आला की दोघं अंगणात फियाट जॅकवर चढवून दिवसभर बसायचे आणि घरातल्या बायका जेवायला हाका मारून थकायच्या.

मी दर शनिवारी एस्टीनं साताऱ्याला माझ्या घरी जायची. हायवेला त्यांचं दुकान खिडकीतून दिसायचं. एका शनिवारी तिथं नवा मोठा बोर्ड दिसला, हिरव्या अक्षरांत. एस्टी नेमकी तिथं ट्रकमागं अडकली होती, म्हणून सगळा वाचता आला. कोपऱ्यात पेंटरनं एका तरुण सैनिकाचं चित्र काढलं होतं. टोपी, मिशा, सरळ मान. काकांच्या जुन्या फोटोवरून काढलेलं ते चित्र मी लगेच ओळखलं.

सोमवारी सकाळी मी ते हौसेनं काकांना सांगितलं. माझ्या मनात आलं, खूश होतील.

झालेही. "माझा फोटो? युनिफॉर्मातला?" त्यांनी काकूंना बोलावून घेतलं. "ऐक, मॅडम काय सांगतात. जावयानं नायट्रोजन सुरू केलाय. सिलिंडर आणला असणार बघ एमआयडीसीतनं. हायवेला गाड्या शंभरनं पळतात, तिथं नायट्रोजन भरायला काय हरकत न्हाई. चांगलं काम हाय." चहा पुढ्यात होता. त्यांनी बशीत ओतला. "लिहिलंय काय बोर्डावर?"

मी आठवून सांगितलं. "नायट्रोजन! विमानातली हवा आता तुमच्या गाडीत. एकदा भरा, निर्धास्त राहा. पुन्हा तपासायची गरज नाही."

बशी तोंडाशी गेली होती ती त्यांनी खाली ठेवली.

"शेवटचं परत म्हणा."

मी परत म्हटलं.

"माझ्या फोटोखाली असं लिहिलंय?"

तो चहा तसाच गार झाला. मला वाटलं, आपण उगाच बोललो.

पुढच्या शनिवारी काका, काकू आणि मी फियाटनं साताऱ्याला निघालो. मला घरी सोडायचं निमित्त होतं, पण गाडी आधी दुकानाकडं वळली.

जावई धावत पुढं आला. खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला. दुकानामागच्या दोन खोल्यांत त्यांचं घर होतं, तिथून मुलगी हात पुसत बाहेर आली. काका बोर्डाकडं न बघता थेट सिलिंडरपाशी गेले. रेग्युलेटर बघितला. आधीची हवा पूर्ण काढतोस का, विचारलं. जावयानं एका गाडीचं चाक रिकामं करून भरून दाखवलं.

"काम साफ हाय," काका म्हणाले. जावयाचा चेहरा फुलला.

पुढं काय झालं असतं कोण जाणे. कदाचित जेवणं झाल्यावर काका त्याला बाजूला घेऊन समजावून बोलले असते. पण तेवढ्यात एक मोटार येऊन थांबली. चालवणारे चष्मेवाले गृहस्थ, शेजारी बायको, मागं दोन मुलं.

"दहा दिवसांपूर्वी तुमच्याकडं नायट्रोजन भरला," ते म्हणाले. "दोन-तीन दिवस झाले, गाडी डावीकडं ओढतेय."

जावई पुढं होण्याआधी काकांनी डाव्या पुढच्या चाकापाशी बसून गेज लावलं. पट्टी जेमतेम बाहेर आली.

"बारा पौंड," काका म्हणाले. "अर्धी बी न्हाई. कुठनं आलात?"

"कोल्हापूरहून."

"अशा टायरवर? वाटंत कुठं तपासली न्हाई?"

गृहस्थांनी बोर्डाकडं बोट केलं. "तुम्हीच लिहिलंय ना, तपासायची गरज नाही. म्हणून तर नाही तपासली." मग ते बोर्डावरच्या चित्राकडं आणि काकांकडं आळीपाळीनं बघू लागले. "हे तुम्हीच का?"

"व्हय," काका म्हणाले. "मीच."

जावई गडबडीनं म्हणाला, "व्हॉल्व्ह लीक झाला असंल साहेब, बदलून देतो. नायट्रोजनचा दोष न्हाई त्यात."

"न्हाईच," काका म्हणाले. "नायट्रोजनचा तवा बी दोष नव्हता."

आणि तिथंच, त्या अनोळखी माणसासमोर उभं राहून, त्यांनी जे सांगितलं ते काकूंनाही माहीत नव्हतं.

"पंचवीस-सव्वीसचा होतो. एका सकाळी एका चाकाला गेज लावायचं राहिलं. आदल्या दिवशी मीच लावलं होतं. नायट्रोजन एक नंबर भरला होता. म्हटलं, एका दिवसात काय होतंय. पायलट आला. विमानाला चक्कर मारली. त्या चाकापाशी थांबला आन मला विचारलं, 'आज देखा?' मी म्हटलं, 'येस सर.' त्यो वर जाऊन बसला."

मुलगी दारात उभी होती ती तशीच राहिली.

"उतरताना चाक फुटलं. विमान धावपट्टी सोडून गवतात घुसलं. पायलट चालत भाईर आला, त्याला खरचटलं बी नव्हतं. चौकशी झाली. पायलटनं लिहून दिलं, ह्या माणसानं चाक तपासलं हुतं, मी सोता त्याला विचारलं. माझ्या शब्दावर त्यानं सही केली. दुसऱ्या दिवशी मी जाऊन खरं सांगितलं. व्हॉल्व्ह गळत हुता, गेज लावलं असतं तर कळलं असतं. बढती तीन वरसं लांबली, त्याचं काय न्हाई. पण त्यानंतर त्यो पायलट आला की मला काय बी विचारायचा न्हाई. माझ्यासमोर गुडघ्यावर बसून सोता गेज लावायचा."

मोटारीतल्या मुलांनी काचा खाली केल्या होत्या.

काका जावयाकडं वळले. "नायट्रोजन भर. दुप्पट भर. कुणाला घ्यायचा त्यानं घ्यावा. पण बोर्डावरची ती शेवटची वळ पूस."

जावयाचा चेहरा लाल झाला होता. गिऱ्हाइकासमोर, बायकोसमोर, कामाला ठेवलेल्या मेकॅनिकसमोर. "मामा, त्याच वळीवर गिऱ्हाईक थांबतंय. हवा तर हायवेला प्रत्येक पंपावर मिळती. दुकान माझं हाय. तुमी रिटायर झालाय."

"मंग माझा फोटो काढ."

"काढतो!"

"मी काढते," मुलगी म्हणाली. "फोटो मी दिला होता." तिनं आतून काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश आणला, शिडी लावली आणि वर चढली. नवऱ्याकडं वळून एकदा विचारलं, "वळ का फोटो?"

"फोटो," तो म्हणाला.

तिनं टोपी, मिशा, सरळ मान, सगळ्यावर काळा रंग मारला. काकांनी खालून शिडी धरली होती. शिडीवरून काळा रंग त्यांच्या बाहीवर ठिबकला. ती उतरल्यावर तिच्या डोक्यावर हात ठेवून ते गाडीत जाऊन बसले. जेवायला थांबलो नाही.

त्यानंतर चार महिने साताऱ्याचा फोन आला नाही. म्हणजे मुलीचा यायचा, दुपारी, काका कुपवाडला असताना, काकूंसाठी. नागपंचमीला ती आली नाही. दिवाळीला एकटी आली आणि पाडव्याच्या आत परत गेली. अंगणात फियाट जॅकवर चढली नाही. काकांनी एका शब्दानं कुणाला दोष दिला नाही, पण पाहुण्यांना बाटली दाखवायचं बंद केलं. एकदा मी धीर करून म्हटलं, "काका, मी ते सांगायला नको होतं."

"तुमी वाचलं ते सांगितलं," ते म्हणाले. "तुमी एक शब्द इकडचा तिकडं केला असता तर मी वरची खोली खाली करायला लावली असती." मग जरा थांबून, "पण तेला चारचौघांत बोलायला नको हुतं. ती माझी चूक. तेवढी हाय."

डिसेंबरात एका शनिवारी एस्टीच्या खिडकीतून मला बोर्ड दिसला. कोपऱ्यातला काळा चौकोन होता तसाच. पण हिरव्या अक्षरांच्या शेवटच्या ओळीवरही आता काळा पट्टा ओढला होता, घाईत, वाकडातिकडा. या वेळी मी सांगलीत येऊन कुणाला काही सांगितलं नाही. ते सांगायचं काम माझं नव्हतं.

दोनेक आठवड्यांनी, मी साताऱ्याला गेले नव्हते अशा एका रविवारी सकाळी, मी काकांच्या दिवाणखान्यात माझ्या घरच्या फोनची वाट बघत बसले होते. फोन वाजला तो मीच उचलला.

"मॅडम का? मामा आहेत का?"

मी रिसीव्हर काकांकडं केला आणि नुसतं "सातारा" म्हटलं. विमानांच्या आवाजानं काकांचा उजवा कान अधू झालेला, त्यामुळं त्यांच्याशी सगळे फोनवर ओरडून बोलायचे आणि ते रिसीव्हर कानापासून बोटभर लांब धरायचे. पलीकडचं सगळं खोलीत ऐकू यायचं. मागून हायवेचे हॉर्नही.

"मामा, एक गाडी थांबवून ठेवलीया. लग्नाची माणसं हायत, सांगलीकडंच निघालीत. मागच्या टायरला बाजूनं फुगा आलाय. मी म्हटलं, टायर बदलल्याशिवाय सोडत न्हाई. मालक म्हणतोय, नायट्रोजन भर आन सोड, काय होत न्हाई. माझं ऐकंना झालाय. तुमी बोला त्याच्याशी."

काका ताठ उभे राहिले. चार महिन्यांचं काही विचारलं नाही, मुलगी कशी आहे हेही नाही.

"फुगा केवढा?"

"लिंबाएवढा."

"हवा किती हाय त्यात?"

"अठ्ठावीस."

"गेज तू लावलंस?"

पलीकडून एक ट्रक गेल्याचा आवाज आला, मग दुसरा. काकांनी रिसीव्हर घट्ट धरला होता.

"न्हाई मामा," जावई म्हणाला. या वेळी तो ओरडला नाही, तरी मला ऐकू आलं. "मेकॅनिकनं लावलं. मी नुसता आकडा ऐकला. थांबा, लावून येतो. फोन ठेवू नका."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा खट आवाज आला आणि मग नुसता हायवे.

काकू स्वयंपाकघरातून दारात येऊन उभ्या राहिल्या. कोण आहे, असं त्यांनी हातानंच विचारलं. काकांनी रिसीव्हरवर तळवा धरला.

"जावई," ते म्हणाले. "गेज लावायला गेलाय."

काकूंनी खुर्ची त्यांच्या मागं सरकवली. ते बसले नाहीत.